पाकीट फोडण्याआधी

दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत घरात बिल्डरचे नाव काढायचे नाही, असा दंडक आमच्या सौभाग्यवतीने यंदा घालून दिला होता. सणासुदीचे दिवस, येणारे-जाणारे फार, आणि गेले सहा महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही. तेव्हा दंडक योग्यच होता. मी तो निमूटपणे मान्य केला. मोडला तो तिनेच, आणि तोही पणत्यांच्या निमित्ताने.

आमच्याकडे पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यातून येतात. पार्ल्याच्या बाजारात पणत्या मिळत नाहीत असे नाही. रंगवलेल्या मिळतात, टिकल्या लावलेल्या मिळतात, विजेवर पेटणाऱ्यासुद्धा मिळतात. पण तिची आई ज्या अंगणातून पणत्या घेत असे त्याच अंगणातून आपणही घ्यायच्या, हा तिचा हट्ट आहे. आणि लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर बायकोचे कोणते हट्ट मोडायचे नाहीत हे माणसाला कळलेले असते. तेव्हा नवरात्र संपले की आम्ही दोघे माहीमला उतरतो. पुढचे तिला पाठ आहे. माझे काम पिशवी धरण्याचे.

त्या अंगणात मातीचे ढीग, ओल्या पणत्यांच्या फळ्या आणि मध्यभागी धुरकटलेली भट्टी. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती. पणत्या मोजून देणाऱ्या बाईंशी हिची जुनी ओळख. मुलेबाळे, गुडघे, महागाई असे सगळे विषय झाल्यावर हिने एकदम विचारले, “तुमच्याकडेही म्हणे बिल्डर आला. किती टक्के देतोय?”

बाई मोजता मोजता थांबल्या. म्हणाल्या, “टक्क्यांचे आम्हांला काय कळणार, ताई? मला एवढेच कोणीतरी सांगा, की नव्या इमारतीत भट्टी कितव्या मजल्यावर लावायची?”

आणि त्यांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली. तीन डझन पणत्या, वर दोन शकुनाच्या.

परतीच्या गाडीत सांताक्रूझपर्यंत ही काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, आपल्या सभेत असा प्रश्न कोणी विचारला का हो?”

विचारला होता. पण कोणी ऐकला नव्हता. न ऐकणाऱ्यांत मीही होतो.

आमची इमारत १९६३ सालची. तळमजला अधिक तीन मजले, बिऱ्हाडे चोवीस, लिफ्ट नाही. पावसाळ्यात तिसरा मजला गळतो, उन्हाळ्यात तळमजल्याला पाणी मिळते आणि वरच्यांना मिळत नाही. पाडून नवी बांधावी यावर आमच्यात मतभेद नाही. चोवीस मराठी कुटुंबांत एका गोष्टीवर मतभेद नसणे ही घटना इतकी अपूर्व होती, की त्या आनंदात पुढचे सगळे घाईने झाले.

सेक्रेटरींनी तीन बिल्डरांकडून तीन पाकिटे मागवली. सभा भरली. पहिले पाकीट फुटले: आत्ताच्या जागेपेक्षा ३० टक्के जास्त. दुसरे फुटले: ३८ टक्के. तिसरे फुटले: ४५ टक्के, शिवाय प्रत्येक घराला मोटार ठेवायला जागा. आमच्या इमारतीत मोटारी पाच. तरीही टाळ्या पडल्या. तिसऱ्या बिल्डरने पुठ्ठ्याची छोटी इमारतही पाठवली होती. तिच्याभोवती हिरव्या कापसाची झाडे आणि गच्चीवर नखाएवढी माणसे. आमची मंडळी वाकून वाकून त्या माणसांत स्वतःला शोधत होती.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “बांधायला किती वर्षे लागतील म्हणालास?”

“तीन, आजी. फार तर चार,” सेक्रेटरी म्हणाले. “मग तुम्ही लिफ्टने वर जायचे!”

“मला ब्याऐंशी लागले,” आजी म्हणाल्या. “आणि मधल्या काळात त्याने भाडे थांबवले तर मी कुणाच्या दारात उभी राहू?”

सगळे हसले. आजींना चहा दिला. सभा संपली. भट्टीचा प्रश्न आमच्या सभेत असा विचारला गेला होता.

वाचकहो, आपल्यापैकी निम्म्या घरांत आज हाच विषय असेल, म्हणून जरा हिशेब मांडतो. बिल्डर जास्तीची जागा देतो म्हणजे कुठून देतो? सरकारने ठरवून दिलेल्या चटईक्षेत्रातून. आमची चोवीस घरे प्रत्येकी साडेचारशे चौरस फुटांची, म्हणजे एकूण १०,८००. समजा, नव्या इमारतीत २५,००० चौरस फूट बसतात. तीस टक्के वाढ दिली तर आमचे १४,०४० जातात आणि बिल्डरला विकायला १०,९६० उरतात. पंचेचाळीस टक्के दिली तर आमचे १५,६६० जातात आणि त्याला ९,३४० उरतात. या उरलेल्या जागेच्या विक्रीतून त्याने सगळी इमारत बांधायची, चोवीस बिऱ्हाडांचे भाडे भरायचे, महापालिकेचे अधिमूल्य द्यायचे, कर्जाचे व्याज फेडायचे आणि वर आपला नफा काढायचा. ज्याने सर्वांत जास्त कबूल केले, त्याच्या हाती सर्वांत कमी उरते. बाजार तेजीत असेल तर निभावते. मंदी आली की पहिल्यांदा थांबते ते भाडे, आणि मग थांबते ते काम.

हे मी भीती घालायला सांगत नाही. गोरेगावची पत्रा चाळ, म्हणजेच सिद्धार्थनगर, आठवा. तिथे ६७२ कुटुंबे होती. २००८ मध्ये सोसायटी, म्हाडा आणि विकासक यांचा तिघांचा मिळून करार झाला. घरे ७६७ चौरस फुटांची कबूल झाली होती. आकडा आमच्या पुठ्ठ्याच्या इमारतीपेक्षा कितीतरी देखणा. लोक घरे रिकामी करून भाड्याच्या जागेत गेले. विकासकाने बांधकामाचे हक्क दुसऱ्या बिल्डरांना विकले, मूळ रहिवाशांच्या इमारती अर्धवट राहिल्या, भाडे बंद झाले. २०१८ मध्ये म्हाडाने करार रद्द केला. काम पुन्हा सुरू व्हायला २०२२ साल उजाडले. चौदा वर्षे! करारावर सही करताना ज्यांना बासष्ट लागले होते, त्यांना तोवर शहात्तर लागले. आमच्या आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आमच्या चोवीस बिऱ्हाडांत जे घडते तेच शहर मोठ्या मापाने करीत असते. पणत्यांच्या त्या अंगणाकडे पुन्हा वळतो, कारण बिल्डर निवडण्याचा एवढा मोठा प्रसंग या देशात क्वचितच आला असेल.

धारावीचा कायापालट करायचा असे राज्य सरकारने २००४ मध्ये ठरवले. पाच भाग पाडायचे, पाच विकासक नेमायचे, अशी ती कल्पना. जगभरातून निविदा मागवल्या गेल्या, समित्या बसल्या, आणि शेवटी तो बेत बारगळला. मग २०१८ मध्ये ठरले, की सगळी धारावी एकाच विकासकाला द्यायची. जानेवारी २०१९ मध्ये पाकिटे उघडली, तेव्हा सर्वांत मोठी बोली दुबईच्या सेकलिंक कंपनीची होती: ७,२०० कोटी रुपये. आमच्या सभेत टाळ्या पडल्या तशाच तिथेही पडल्या असतील. पण रेल्वेची सुमारे ४५ एकर जमीन प्रकल्पात घेण्याचा प्रश्न पुढे आला आणि २०२० मध्ये ती निविदाच रद्द झाली. २०२२ मध्ये नव्या अटींची नवी निविदा निघाली. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी पाकिटे फुटली: अदानी समूहाचे ५,०६९ कोटी, डीएलएफचे २,०२५ कोटी. जुलै २०२३ मध्ये सरकारने अदानी समूहावर शिक्कामोर्तब केले. नव्या कंपनीत ८० टक्के वाटा त्यांचा, २० टक्के सरकारचा. सेकलिंक न्यायालयात गेली. अटी एकाच कंपनीच्या मापाने बेतल्या, असे तिचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळले. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये काम थांबवण्यास नकार दिला. मात्र प्रकल्पाचे पैसे एकाच बँकखात्यातून जावेत असे बजावले.

चहाच्या टपरीवर आणि गाडीच्या डब्यात या सगळ्यातून दोनच आकडे उरले: सात हजार दोनशे आणि पाच हजार एकोणसत्तर. जास्त देणाऱ्याला का सोडले, यावर तावातावाने वाद झाले. प्रश्न विचारण्यासारखा आहेच. पण कुंभारवाड्यातल्या बाईंचे भवितव्य या दोन्ही आकड्यांत नव्हते. ते निविदेच्या आणि धोरणाच्या कागदांत, कोणी टाळ्या न वाजवलेल्या ओळींत होते.

त्या ओळी अशा. १ जानेवारी २००० पूर्वी ज्यांची तळमजल्यावरची झोपडी होती, त्यांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर फुकट. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंत आलेल्यांना धारावीच्या बाहेर ३०० चौरस फूट, अडीच लाख रुपयांत. त्याच्याही नंतर १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंत आलेल्यांना आणि माळ्यावर राहणाऱ्यांना बाहेर कुठेतरी भाड्याने, हप्ते भरून पुढे मालकी. धारावीत माळ्यावर राहणारे किती आहेत हे तिथून एकदा चालत गेलेल्या कोणालाही कळेल. खाली दुकान किंवा कारखाना आणि वर शिडी लावून बिऱ्हाड, हीच तिथली रीत. म्हणजे एकाच भिंतीच्या आतले दोन शेजारी. एकाला घर धारावीत, आणि दुसऱ्यासाठी ऐकू येतात ती कुर्ला, देवनार, मुलुंड ही नावे. चामड्याची शिलाई, पापड लाटणे, भंगार वेगळे करणे हे सगळे शेजारच्या हातावर चालते. शेजारी मुलुंडला गेला तर घर मिळूनही धंदा बसतो.

या ओळी कोणी वाचायच्या होत्या? धारावीची बरीच मोठी जमीन मुंबई महापालिकेच्या मालकीची. गावाची जमीन म्हणजे गावाने निवडून दिलेल्या सभागृहात तिच्यावर खल व्हावा, अशी आपली साधी समजूत असते. विकासक निवडण्याचा अधिकार इथे राज्य सरकारकडे होता, हे खरे. पण पाकिटे फुटली त्या नोव्हेंबरात महापालिकेत नगरसेवकच नव्हते. त्यांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवक असते म्हणजे निवड वेगळी झाली असती असे मी म्हणत नाही. नगरसेवकांविषयी माझ्या फार भाबड्या कल्पना नाहीत. पण निदान एखाद्या म्हाताऱ्या नगरसेविकेने उठून भट्टीचा प्रश्न विचारला असता, सभागृह हसले असते आणि दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात आला असता. हसण्यावारी गेलेला प्रश्नही नोंदला गेला म्हणजे पुढे कामाला येतो.

मुंबईला हा अनुभव नवा नाही. १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याने काढले. दादर-माटुंग्याच्या ज्या वसाहतींत आपले मामा-काका राहिले त्याही त्याच्याच. आपल्या वर्गाने ट्रस्टचे उपकार मानावेत अशी स्थिती आहे. पण त्या रस्त्यांसाठी ज्यांची खुराडी पाडली, त्यांतली पुष्कळ माणसे नव्या घरांत न जाता शेजारच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या खोल्यांत जाऊन दाटली. दिवाळीला दादरच्या त्या रस्त्यांवर कंदील पाहत फिरताना ही गोष्ट माझ्या कधी मनात आली नव्हती. यंदा येईल.

दुसरी वाटही याच शहरात आहे, तीही सांगायला हवी. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींच्या पुनर्विकासात विकासक म्हाडाच राहिली आणि खाजगी कंपन्यांकडे फक्त बांधायचे काम दिले. घर कबूल झाले ५०० चौरस फुटांचे. भूमिपूजन झाले २०१७ मध्ये. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या आल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. आठ वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. पण किल्ल्या हाती आल्या, आणि आल्या त्या वरळीतच.

तर गाडी पार्ल्याला लागेपर्यंत हे सगळे माझ्या डोक्यात फिरत होते. जिना चढताना हिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि जिन्याखाली बोट दाखवले. तिथे आमचा इस्त्रीवाला बसतो. गेली तीस वर्षे बसतो. चिरंजीवांच्या शाळेच्या पहिल्या सदऱ्याला आणि लग्नाच्या अंगरख्याला इस्त्री त्याचीच. त्याचे नाव ना भागपत्रावर, ना मेंटेनन्सच्या वहीत. तिन्ही पाकिटांत त्याच्याविषयी एक अक्षर नव्हते. असणार कसे? आम्ही विचारलेच नव्हते.

“हा आपला माळ्यावरचा,” ही म्हणाली.

त्या रात्री दंडक पूर्ण मोडला. आम्ही दोघांनी ७९ (अ)चे कागद काढून वाचले. सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे हे नियम सरकारने ३ जानेवारी २००९ रोजी काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी सुधारले. विकासक निवडायच्या सभेला दोनतृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची संमती हवी, निबंधकांचा माणूस समोर हवा, सभेचे चित्रीकरण हवे, आणि प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी विकासकाने द्यावी. ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. आजींच्या प्रश्नाचे उत्तर सरकारने लिहून ठेवले होते. आम्ही पुठ्ठ्याची झाडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींकडे गेलो. माणूस सज्जन आहे, फुकट राबतो, शिव्या खातो. आधी चिडले. “साहेब, टाळ्या तुम्हीही वाजवल्यात,” म्हणाले. कबूल केले. मग त्यांनी चहा मागवला आणि आम्ही कागद पुढे ओढले.

गेल्या रविवारी विशेष सभा झाली. आलेली तिन्ही पाकिटे बाजूला ठेवली आणि निविदा रीतसर काढायची ठरली. आधी वास्तुतज्ज्ञ नेमायचा, त्याच्याकडून अटी लिहून घ्यायच्या, आणि मग पाकिटे मागवायची. बँक हमी नसेल ते पाकीट उघडायचेच नाही. पहिल्या वर्षाचे भाडे घरे रिकामी करण्यापूर्वी बँकेत जमा हवे. घरे रिकामी होतील ती सगळ्या परवानग्या हातात आल्यावरच. एवढ्यावर हात सहज वर गेले. शेवटची अट हिने मांडली: जिन्याखालच्या माणसाला नव्या इमारतीत बसायला छपराखालची जागा आणि विजेचा एक बिंदू.

यावर मात्र गदारोळ झाला. कायद्याने तो कोण लागतो? उद्या दूधवालाही मागेल. जागा कमी झाली तर भरपाई कोण देणार? आक्षेप अगदीच खोटे नव्हते. तासभर वाद झाला. मग आजी म्हणाल्या, “माझ्या वाट्यातली सहा फूट घ्या. मला तशीही मोटार ठेवायची नाही.”

मतदान झाले. बावीस हजर होते. पंधरा बाजूने, सात विरुद्ध. विरुद्ध मत देणाऱ्यांतले दोघे दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घ्यायला गेले तेव्हा त्याच्याशी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ बोलत उभे होते.

आता आमची पाकिटे येतील तेव्हा कदाचित त्यांत पंचेचाळीस टक्के नसतील. तीस असतील, अठ्ठावीसही असतील. चिरंजीवांनी फोनवर हिशेब करून सांगितले, की आपण दोघांनी मिळून घराच्या एका खोलीचे नुकसान केले. असेल. कुंभारवाड्याच्या पणत्या रात्रभर पाण्यात भिजवून आता खिडकीत वाळत ठेवल्या आहेत. म्हणजे तेल पीत नाहीत. शकुनाच्या दोनांतली एक ही आजींच्या उंबऱ्यावर लावणार आहे, आणि एक जिन्याखाली. पुढच्या वर्षी पणत्या आणायला जाऊ तेव्हा भट्टी कितव्या मजल्यावर गेली ते विचारू. तोवर तुमच्याही सोसायटीत पाकिटे आली असतील, तर एक करा: फोडण्याआधी एकदा जिन्याखाली पाहून या.